क्रेनवाले परब आणि त्यांची विडी

मी कारखान्यात नर्स आहे असं सांगितलं की समोरचा माणूस जरा गोंधळायचा. हॉस्पिटलातली नर्स सगळ्यांना माहीत असते. कारखान्यात नर्स काय करते? बोटाला पट्टी बांधते?

बांधते की. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, एलबीएस रोडला लागून आमचा कारखाना होता. अवजड पंप बनायचे. गेटच्या आत डाव्या हाताला आमचा दवाखाना, दोन खाटा, एक ईसीजी मशीन, एक कपाट आणि मी. डॉक्टर मेहता आठवड्यातून तीन दिवस यायचे. बाकीचे दिवस सगळा कारखाना माझ्या ताब्यात. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस काढायचा, भाजलेल्या हाताला मलम लावायचं, ॲसिडिटीची गोळी द्यायची. एक फिटर दर गुरुवारी डोकं दुखतं म्हणून यायचा, कारण गुरुवारी त्याचा उपास असायचा आणि माझ्याकडे बिस्किटं असायची. बिस्किट उपासाला चालत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाला, "सिस्टर, औषध म्हणून चालतं." एक जण वजनकाट्यावर उभा राहिला की श्वास रोखून धरायचा. त्याला वाटायचं त्याने वजन कमी भरतं.

पण खरं काम होतं वार्षिक तपासणीचं. प्रत्येक कामगाराची त्याच्या वाढदिवसाच्या महिन्यात. वजन, बीपी, साखर, डोळे, कान, ईसीजी. एक छापील फॉर्म असायचा आणि त्यात एक रकाना होता, 'धूम्रपान : होय / नाही'. होय म्हटलं की पुढे 'किती?'

"किती ओढता?"

"पाच-सहा."

सगळे पाच-सहाच सांगायचे. मी मनातल्या मनात दुप्पट करायचे, कागदावर पाच-सहा लिहायचे आणि पुढच्या रकान्याला जायचे, 'चष्मा आहे का?'

एकोणीस वर्षं मी हे केलं. आज याची लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. विडी-सिगारेट ही माणसाची सवय, त्यात आपण काय बोलणार, असं डोक्यात पक्कं होतं. शिवाय कंपनीने कँटीनच्या मागे विडी ओढायला पत्र्याची शेड बांधून दिली होती, आत बसायला बाक. जिथे बाक टाकून दिलाय तिथे जाऊ नका असं कसं सांगायचं? आणि माझ्या माहेरी, घाटकोपरच्या वस्तीत, वडील, काका, शेजारी सगळेच ओढायचे. अकोल्याहून आलेल्या त्या माणसांना दिवसभराच्या कष्टात तेवढाच एक विसावा होता. त्यांना मी काही बोलले नाही, कामगारांना तरी कुठल्या तोंडाने बोलणार?

दत्ताराम परब यांचा फॉर्मही मी असाच एकोणीस वेळा भरला.

परब आमच्या मोठ्या शॉपमध्ये, म्हणजे पंप बनायच्या विभागात, क्रेन चालवायचे. ही क्रेन रस्त्यावर दिसते तशी नाही. छताखाली दोन्ही भिंतींना रूळ असतात, त्यावरून एक लांबलचक लोखंडी तुळई सरकते, आणि तुळईला लटकलेल्या केबिनमध्ये ऑपरेटर बसतो. जमिनीपासून तीसेक फूट वर. तिथे जायला भिंतीला उभी शिडी. वर बसून पाच-सात टनांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, उचलायचं, खाली काम करणाऱ्या माणसांच्या मधून वाट काढत न्यायचं आणि नेमक्या जागी ठेवायचं. परबांनी कास्टिंग ठेवलं तर शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळत नसे. फिटर लोक दुसऱ्या ऑपरेटरची पाळी असली की नाजूक काम उद्यावर ढकलायचे. "परब येऊ दे" म्हणायचे.

माणूस देवगडकडचा, बारीक, कमी बोलणारा. इतकी वर्षं मुंबईत काढून मराठी आमच्यासारखीच झाली होती, पण चिडले किंवा घाबरले की मालवणी बाहेर यायची. विडीचं एक बंडल दिवसाला. पहिली सकाळी चहाबरोबर, शेवटची जेवणानंतर.

त्या वर्षी जुलैमध्ये त्यांची तपासणी झाली. ईसीजी काढल्यावर मी नेहमी आदल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून बघते. मला कोणी शिकवलं नव्हतं, माझी मीच लावून घेतलेली सवय. एका ठिकाणी जी रेघ वर उचलली जायला हवी, ती चपटी झाली होती. मी मेहता डॉक्टरांना दाखवली.

"परब, छातीत दुखतं? जिना चढताना दम लागतो?"

"नाही ओ डॉक्टर."

"तरी स्ट्रेस टेस्ट करून घ्या." म्हणजे पट्ट्यावर चालवून, हृदयावर ताण देऊन काढलेला ईसीजी.

परब म्हणाले, "गणपती होऊ दे. गावाहून आल्यावर लगेच करतो."

टेस्ट होईपर्यंत क्रेन बंद, असं डॉक्टर लिहू शकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, काय वाटतं तुम्हाला?"

मी म्हणाले, "माणूस सांभाळून असतो. गणपतीला महिनाच राहिलाय."

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

परब गावाहून परत आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे दहा, सवादहाच्या चहाच्या सुट्टीला थोडाच वेळ होता. शॉपमध्ये क्रेनचा भोंगा वाजला. क्रेन हलताना तो थोडा थोडा वाजतोच, पण हा थांबेचना. मग फोन आला. "सिस्टर, या. परब वर अडकलेत."

मी पोचले तेव्हा सगळे वर बघत उभे होते. काय घडलं ते मला नंतर कळलं. परबांनी एका पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, उचललं होतं, साडेचार टनांचं. ते शॉपच्या मध्यावर असताना त्यांच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला. खाली सात-आठ माणसं होती. परबांनी भोंगा वाजवून त्यांना बाजूला काढलं, केसिंग हळूहळू खाली टेकवलं, दोर सैल सोडले, क्रेन शिडीच्या टोकापर्यंत आणली, ब्रेक लावला, मेन स्विच बंद केला. आणि मग भोंग्यावर हात ठेवून बसून राहिले.

मी एकावन्न वर्षांची होते. एकोणीस वर्षांत ती शिडी कधी चढले नव्हते. ॲस्पिरिन खिशात, बीपीचं मशीन गळ्यात अडकवून चढले. खालून कोणीतरी "सिस्टर, नका जाऊ" म्हणत होतं. वर पोचेपर्यंत माझाच जीव तोंडाशी आला.

परब राखाडी पडले होते. शर्ट घामाने निथळत होता. मला बघून पहिलं वाक्य बोलले ते असं, "खाली कोण नाय ना?"

"कोणी नाही. सगळे बाजूला आहेत. ही गोळी चावा. गिळू नका, चावा."

"माका काय झालेला नाय. गॅस आसा."

"बरं, गॅस आहे. चावा."

मग सेफ्टीची माणसं आली, पट्टे बांधून स्ट्रेचरवरून त्यांना उतरवलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी शेजारी बसले. मुलुंडच्या हॉस्पिटलात पोचताच त्यांना आत घेतलं आणि बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून आत जाळी बसवली. वेळेत झालं. थोडा उशीर झाला असता तर हे लिहायला काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी परबांना आणि सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, समोर बसवून समजावलं. मीही होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं साधं मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, विडीचा धूर फुप्फुसात थांबत नाही, रक्तात उतरतो. रक्त घट्ट होतं, गुठळी लवकर धरतं. नळ्या आकसतात, आतून खरखरीत होतात. धुरातला विषारी वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो, म्हणजे हृदयाला कमी प्राणवायूवर जास्त काम करायला लागतं. जाळी एका जागेपुरती आहे. बाकीच्या नळ्या तुमच्या हातात आहेत. आणि सोडलीत तर शरीर लगेच सावरायला लागतं. तो वायू दोन-एक दिवसांत रक्तातून जातो, वर्षभरात हृदयाचा धोका बराच खाली येतो.

परबांनी मान हलवली. "सोडली," म्हणाले.

घरी आल्यावर नवव्या दिवशी वहिनींचा फोन. "सिस्टर, ह्यांनी संडासात जाऊन ओढली. मला वास आला. आता मी काय करू?" आणि रडायला लागल्या.

मला इतका राग आला की रविवारी मी भांडुपच्या टेकडीवर त्यांच्या चाळीत जाऊन धडकले. काय काय बोलायचं ते वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. शिडी चढले ते सुनावायचं होतं, वहिनींचं रडणं सुनावायचं होतं. परब कॉटवर बसले होते. मी बोलायच्या आत तेच बोलले, आणि मालवणीत.

"विडी ओढू नको, ह्या सगळे सांगतत. डॉक्टर सांगता, ही सांगता, आता तुम्ही सांगतल्यात. सतराव्या वर्षापास्ना ओढतंय. सवादहा वाजले की हात आपसूक खिशात जाता. सवादहा वाजता मी काय करू, ता सांगा."

काय करू नये हे मला माहीत होतं, काय करायचं ते माहीत नव्हतं. वहिनींनी चहा दिला, मी तो पिऊन खाली उतरले.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून मी एका महापालिका हॉस्पिटलात गेले. तिथे तंबाखू सोडवायची ओपीडी चालते. समुपदेशक बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी म्हटलं, "पेशंट नाही, शिकायला आलेय." त्यांनी मला दिवसभर शेजारी बसवून घेतलं. मी वहीत उतरवत गेले. विडीची तलफ एका लाटेसारखी येते, काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं काढायची. विड्या मोजायच्या नाहीत, वेळा मोजायच्या. प्रत्येक वेळेला दुसरं काहीतरी ठरवून ठेवायचं. निकोटिनचं गम डॉक्टरांना विचारून द्यायचं, आणि ते च्युइंगमसारखं चघळायचं नाही, दोनदा चावून गालात धरायचं. आणि परत ओढली तर ओरडायचं नाही.

हे शेवटचं मला पटलं नव्हतं.

वही घेऊन मी परत त्यांच्या चाळीत गेले, तेव्हा सुमनवहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला परबांच्या दिवसातल्या वेळा लिहिल्या. अकरा निघाल्या. सकाळचा चहा आंघोळीनंतर गेला, कारण आंघोळीआधीचा चहा आणि विडी यांची जोडी होती. जेवणानंतर परबांनी वहिनींबरोबर भांडी विसळायची. ओले हात खिशात जात नाहीत, हा वहिनींचा शोध, त्या ओपीडीतल्या बाईंनाही माहीत नव्हता. आणि सवादहाची वेळ मी घेतली.

दीड महिन्याने परब कामावर आले. क्रेन नाही, स्टोअरमध्ये बसून हलकं काम. चहाची सुट्टी झाली की ते विडीच्या शेडकडे न जाता दवाखान्यात यायचे. मेहता डॉक्टरांनी कंपनीला सांगून एक छोटं यंत्र मागवलं होतं. त्यात फुंकलं की श्वासातला तो विषारी वायू किती आहे त्याचा आकडा दिसतो. ओढणाऱ्याचा आकडा मोठा, न ओढणाऱ्याचा अगदी लहान. पहिल्या दिवशी परबांचा अकरा आला. ते अजून दोन-तीन ओढत होते. मग आठ, पाच, तीन. आकडा उतरला की परब मशीन उलटसुलट करून बघायचे, त्यात काही गडबड तर नाही ना.

बाराव्या दिवशी आले ते दारातच थांबले.

"सिस्टर, काल दोन ओढलंय."

ओरडायला माझं तोंड उघडलं. समोर त्यांचा चेहरा होता. ते म्हणाले, "मशीनवर कळलंच असतं. पण मशीनच्या आधी मी सांगतो."

तिथे मी ओरडले असते तर ते परत आले नसते, हे मला आज नक्की माहीत आहे. तेव्हा नुसता अंदाज होता. मी विचारलं, "कुठे? कोणाबरोबर?" मेहुण्याच्या घरी, बाल्कनीत. आम्ही वहीत लिहिलं, मेहुण्याकडे बाल्कनीत बसायचं नाही.

दुसऱ्यांदा घसरले ते स्टोअरच्या सुपरवायझरशी वाजलं म्हणून. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "या वेळी कारण काय?"

"कारण काहीच नाही ओ. मंगळवार होता."

मला हसू आलं, तेही हसले. पण खरं सांगते, मी घरी जाऊन बराच वेळ या माणसाचाच विचार करत राहिले. माझ्या दवाखान्यात लोक इतकी वर्षं खोटंच बोलत आले होते. पाच-सहा. गोळ्या घेतो. मीठ कमी केलंय. मीही खोटं ऐकून खरं समजल्यासारखं करायचे. आणि हा साठीकडे झुकलेला माणूस, ज्याला आख्खं शॉप मानतं, रोज माझ्यापुढे येऊन आपली हार स्वतःच्या तोंडाने सांगत होता. विडी सोडायला मनाचा निर्धार लागतो म्हणतात. परबांचा निर्धार तीनदा तुटला. चौथ्यांदा यायला जे लागतं ते त्यांच्याकडे होतं.

चौथ्यांदा टिकलं. सोपं नव्हतं. खोकला आधी वाढला. परब वैतागले, "ओढत होतो तेव्हा बरा होतो." फुप्फुसं साफ व्हायला लागली की असं होतं, मी समजावलं. वजन चार किलो वाढलं. घरी भांड्यांची आदळआपट झाली. एक दिवस वहिनींना काहीतरी लागट बोलले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन त्याचीही कबुली देऊन गेले, जसं काही मशीनमध्ये तेही दिसणार होतं.

मग एका सोमवारी आले ते वेगळ्याच तोंडाने.

"सिस्टर, काल आमच्या चाळीच्या खालच्या नळापासून बांगड्याचा वास आला. मी म्हटलं कोणाकडे तळतायत? वर जातो तर आमच्याच घरात! वीस वर्षं त्याच वाटेने चढतोय."

त्या दिवशी वहिनींचा मला फोन. "सिस्टर, हे म्हणतात कालवणात कोकम जास्त पडतं. इतकी वर्षं कधी बोलले नाहीत!" तक्रार होती, पण आवाज आनंदाचा होता.

नऊ महिन्यांनी स्ट्रेस टेस्ट झाली, चांगली आली. मेहता डॉक्टरांनी दोनदा रिपोर्ट वाचला आणि क्रेनसाठी 'फिट' लिहिलं. परब पहिल्यांदा शिडी चढले तेव्हा मी खाली उभी होते, आणि शॉपमधले बरेच जण काही काम नसताना तिथे रेंगाळत होते. ते एका दमात वर गेले. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "आता सांगतो. आधीची दोन वर्षं मी अर्ध्या शिडीवर थांबायचो. हातमोजे नीट करतोय असं दाखवायचो. छाती भरून यायची. तुम्हाला 'नाही' सांगितलं कारण क्रेन गेली असती."

मी म्हणाले, "आणि मी महिना दिला कारण तुम्ही माणूस चांगले होतात."

त्यानंतर जे झालं त्याची योजना कोणी केली नव्हती. परब सवादहाला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसायचे, कारण शेडमध्ये जायचं नव्हतं आणि एवढ्या लवकर वर जायचं नव्हतं. तिथे एकेक जण येऊन बसायला लागला. परब उपदेश करायचे नाहीत. "आज किती?" एवढंच विचारायचे, आणि समोरचा "पाच-सहा" म्हणाला की नुसतं त्याच्याकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने तो म्हणायचा, "बरं, पंधरा." मग परब शेंगदाणे पुढे करायचे. सहा जण नेमाने येत. चौघांची सुटली. एकाची कमी झाली. सहावे जाधव.

जाधव फिटर होते, परबांचे जुने दोस्त, सगळ्या शॉपला हसवणारे. "सोमवारपासून" हा त्यांचा शब्द. दर सोमवारी म्हणायचे, "अरे यार, या सोमवारी नाही, पुढच्या." परब त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. एका रविवारी सकाळी घरीच जाधव गेले. हार्ट अटॅक. चोपन्न वर्षांचे. मागे बायको आणि कॉलेज संपवत आलेली मुलगी.

स्मशानातून आल्यावर दुसऱ्या दिवशी परब दवाखान्यात आले. त्यांची विडी सुटून तीन वर्षं झाली होती. यंत्र आता कपाटात असायचं.

"सिस्टर, काल एक ओढलंय. सगळे स्मशानाच्या गेटबाहेर ओढत होते. एकाने पुढे केली, मी घेतली."

जाधव गेले ते गेले, आता हाही गेला, असं वाटलं. परबांना ते दिसलं असावं.

"घाबरा नको. बंडल घेवक नाय. एकच. आज नाय." आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "काढा ता मशीन."

महिनाभर ते परत रोज येऊन फुंकून गेले. त्यानंतर आजपर्यंत विडी नाही. मी खूप शूर माणसं बघितली आहेत, भट्टीपाशी, आगीत. पण तीन वर्षांचा मान असलेला माणूस आपणहून येऊन 'एक ओढलंय' म्हणतो, तेवढी छाती मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही.

परब आधी निवृत्त झाले, मग मी. गेल्या वर्षी जाधवांच्या बायकोचा मला फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली आला. "सिस्टर, कोणाला सांगू नका. आमची अश्विनी ओढते. सिगारेट. अंधेरीला ऑफिस आहे, तिथे सगळ्या जणी खाली उतरतात म्हणे. मी बोलले की म्हणते, बाबांना कधी बोललीस का? काय उत्तर देऊ?"

मी परबांना फोन केला. मनात धाकधूक होती. जुन्या वळणाचा माणूस, मुलगी सिगारेट ओढते म्हटल्यावर काय म्हणेल? परबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हृदयाक बाई-बुवा समजना नाय, सिस्टर. पोरीला विचारा, मी भेटलो तर चालेल का."

अश्विनी आधी नाही म्हणाली. मग, एकदाच, म्हणाली. आम्ही तिघं मुलुंडच्या एका हॉटेलात बसलो. ती मोबाइलकडे बघत होती, लेक्चर कधी सुरू होतंय याची वाट बघत. परबांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "तुझ्या बाबांना पोचवून आलो ना, त्या दिवशी मी एक ओढली होती. तीन वर्षांनी."

तिने मोबाइल उलटा ठेवला.

"मीपण," ती म्हणाली. "त्याच दिवशी. त्यांच्या शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. गच्चीवर जाऊन. पहिलीच. मला त्यांचा वास हवा होता, काका."

परबांनी तिचा हात धरला नाही, डोक्यावरून फिरवलाही नाही. "असं होय," एवढंच म्हणाले, आणि आपल्या बशीतलं बिस्किट तिच्या बशीत ठेवलं.

तेव्हापासून ती ऑफिसला निघताना त्यांना फोन करते. आधी काही आठवडे तिचं रोज "शून्य" असायचं. परब मला सांगायचे, "शून्य म्हणते," आणि पुढे बोलायचे नाहीत. मला कळायचं, त्यांना ते शून्य पटत नाहीये, पण ते तिला तसं बोलणार नाहीत.

गेल्या महिन्यात एका सकाळी माझा फोन वाजला. परब धापा टाकत होते, मी घाबरलेच. टेकडी चढत होते आणि घरी पोचेपर्यंत त्यांना धीर धरवला नव्हता.

"सिस्टर, काल तिना चार ओढल्यान!"

"चार?"

"चार! माका विचारूक पण लागला नाय. फोन उचलल्या उचलल्या आपणहून सांगल्यान!"

त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी त्यांना 'फिट' मिळालं तेव्हाही ऐकला नव्हता. मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग आता सुटेल, परब."

"सुटतली," ते म्हणाले. "आता सुटतली."